एक स्पीकर घरात, एक गॅलरीत

आमच्या मजल्यावर कुणी नवा माणूस आला, मग तो कुणाचा जावई असो, विम्याचा एजंट असो की उंदरांच्या गोळ्या टाकायला आलेला म्युनिसिपालटीचा माणूस, शेजारच्या काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"तुमचो खयचो कान बरो?"

माणूस गडबडून आधी एक कान चाचपायचा, मग दुसरा. दोन्ही बरे आहेत असं त्यानं सांगितलं की काका त्याच्याकडे जरा दयेनं बघायचे.

"दोनय बरे? म्हणजे तुमी साच्यार नव्हतास."

काका साच्यावर होते. साचा म्हणजे गिरणीतलं कापड विणायचं यंत्र. एका खात्यात असे शेकडो साचे एकदम धडधडत असत आणि काकांच्या उजव्या हाताचा साचा बाकीच्यांपेक्षा वात्रट होता, असं त्यांचं म्हणणं. त्यानं काकांचा उजवा कान खाल्ला. डावा तेवढा शाबूत राहिला. या गोष्टीचं त्यांना दुःख होतं असं मला कधी वाटलं नाही. उलट लढाईवरून परत आलेला माणूस जखम दाखवतो, तसे ते उजवा कान दाखवायचे. कानाला वरून काहीच झालेलं नसायचं, हा भाग वेगळा.

आणि अशा या एका कानाच्या माणसाच्या घरात, करी रोडच्या आमच्या चाळीतला एकुलता एक स्टिरिओ होता.

काकींचा भाऊ बोटीवर होता. त्यानं सुहासच्या, म्हणजे काकांच्या मुलाच्या, बारशाला हे प्रकरण परदेशातून आणून दिलं. चंदेरी रंगाचा, बटणांनी भरलेला अॅम्प्लिफायर, कॅसेट वाजवायचा डेक आणि माणसाच्या कमरेपर्यंत येतील असे दोन लाकडी स्पीकर. भाच्यासाठी सोन्याची साखळी आणायची सोडून हे काय आणलंस, असं चाळीतल्या बायका त्याला तोंडावर म्हणाल्या. काकी काही म्हणाल्या नाहीत. माहेरची वस्तू होती ना.

आता चाळीतली खोली ती केवढी! त्यात पलंग, मोरी, देव, पिंप आणि झोपायला माणसं. दोन स्पीकर आत मावणं शक्यच नव्हतं. काकांनी एका मिनिटात निकाल लावला. "माका कान एक. एका कानाक एक स्पीकर पुरे. दुसरो लोकांका." डावा स्पीकर घरात राहिला आणि उजवा दाराबाहेर, गॅलरीत, आमच्या सगळ्यांच्या वाट्याला आला.

स्टिरिओची गंमत अशी, की त्यात गाणं दोन बाजूंना वाटलेलं असतं. हे आमच्या मजल्यावर कुणाला ठाऊक असणार? आमच्या वाट्याला आलेलं अर्धं गाणं हेच आम्ही अख्खं समजत आलो. काही गाण्यांत आम्हाला नुसताच ठेका ऐकू यायचा. एका गाण्यात मधेच बराच वेळ कुणीच काही वाजवत नसे आणि तेवढ्या वेळात आम्ही पोरं टाळ्या वाजवून ती जागा भरून काढायचो. पुढे कॉलेजात असताना एका इराण्याच्या हॉटेलात तेच गाणं लागलं, तर त्या जागी चांगली बासरी! मी मैत्रिणीला म्हटलं, "ही कुणीतरी नक्कल केलीय, आमच्याकडच्यात बासरी नाही."

काकांचं त्या स्टिरिओवर पोटच्या पोरासारखं प्रेम होतं, असं मी म्हणणार होते. पण सुहासला विचाराल तर तो म्हणेल, पोटच्या पोरावर एवढं नव्हतं. दिवाळीला स्पीकरांना गिरणीच्या कापडाचे नवे अंगरखे शिवले जात आणि उरल्या कापडाची सुहासची चड्डी होई. घरातल्या स्पीकरसमोर एक रिकामं स्टूल ठेवलेलं असायचं. त्यावर बसायची कुणालाच परवानगी नव्हती. पाहुणे भिंतीला टेकून उकिडवे बसत, पण स्टूल रिकामं.

"काका, ते कुणासाठी?" मी एकदा विचारलं होतं.

"आवाजासाठी. आवाज म्हणजे पावणो. तेका बसाक जागा देवक व्हयी."

फक्त काकी त्या स्टुलाच्या बाजूनं जाऊन थेट स्पीकरलाच पाठ टेकून जमिनीवर बसायच्या. तांदूळ निवडायच्या, मासळी साफ करायच्या, सगळं तिथंच. त्यांना काका कधी काही बोलले नाहीत. माहेरची पाठ, माहेरचा स्पीकर.

काका बोलत नसत असं मी म्हणते खरी, पण काका-काकी बोलत होते की नव्हते हा मजल्यावरचा कायमचा वादाचा विषय होता. काकीही पूर्वी त्याच गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होत्या. तिथं यंत्रांच्या आवाजात ओरडून उपयोग नसतो. सगळे ओठांवरून बोलतात. ओठ ठसठशीत हलवायचे, आवाज काढायचा नाही, समोरचा डोळ्यांनी ऐकतो. त्या दोघांचं लग्न असंच, गिरणीच्या कॅन्टीनमध्ये, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ओठांवर ठरलं म्हणतात. घरी आल्यावरही ती सवय सुटली नाही. ती दोघं गॅलरीच्या दोन टोकांना उभी राहून तास तास बोलत आणि कुणाला अक्षर ऐकू येत नसे.

साध्या बोलण्याचं कुणाला काही नव्हतं. पण त्यांचं भांडणही असंच चाले! हातवारे होत, काकींच्या नाकपुड्या फुगत, काका कपाळावर हात मारत, आणि आवाज शून्य. चाळीत दुसऱ्याचं भांडण ऐकायचा हक्क सगळ्यांना असतो. तोच आमचा असा मारला गेला होता. माझी आई तर चिडून म्हणायची, "एवढी भांडतात, पण शेजाऱ्यांचा जरा म्हणून विचार नाही." आम्ही पोरं काकींच्या ओठांकडे बघून बघून शब्द ओळखायला शिकत होतो. मला अख्ख्या बालपणात दोनच शब्द जमले. एक 'मेल्या' आणि दुसरा 'भोंगो'. पहिला काकांसाठी असायचा आणि दुसरा त्यांना उठवण्यासाठी.

मग संप झाला आणि गिरण्यांचे भोंगे गप्प झाले.

त्या दिवसांबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय. मला आठवतं ते एवढंच, की माझे बाबा, तेही गिरणीतलेच, भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. पहिले काही आठवडे सभा होत्या, मोर्चे होते, घोषणा होत्या. मग तेही ओसरलं. पहिल्या पाळीला पहाटे उठणारा माणूस दुपारपर्यंत भिंतीकडे बघत पडला, की घरात कसं वाटतं ते सांगता येत नाही. आई भांडीसुद्धा आवाज न करता घासायची.

आणि एका पहाटे, बरोब्बर पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला, गॅलरीतल्या स्पीकरमधून चौघडा सुरू झाला. धडाड धडाड! लग्नाच्या मांडवात वाजवायची कॅसेट काकांनी लावली होती. घरात सुहास लहान, झोपलेला, म्हणून बॅलन्सचं बटण पार उजवीकडे फिरवलेलं. आतला स्पीकर गप्प आणि सगळा आवाज बाहेर. मजला खडबडून उठला. कुणाला वाटलं कुणाचं लग्न आहे, कुणाला वाटलं संप मिटला. बाबा तर बनियनवर धावत गेले.

"डोकं फिरलंय काय तुझं? काम ना धंदा, आणि चौघडा कसला वाजवतोस?"

काका शांतपणे म्हणाले, "भोंगो बंद झालो म्हणान आपण बंद व्हवचा काय? माणूस एकदा पडान ऱ्हवलो मगे तेका कोण उठवता? दाढी कर जा."

"दाढी करून जाऊ कुठं?"

"ता मगे बघूया. आधी दाढी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा चौघडा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मजल्यानं काकांना काय काय शिव्या घातल्या त्या इथं लिहिता यायच्या नाहीत. पण शिव्या घालायला का होईना, माणसं उठत होती. आणि उठलंच आहे तर तोंड धू, तोंड धुतलंच आहे तर दाढी कर, दाढी केलीच आहे तर खाली जाऊन ये. बाबा असेच एक दिवस खाली गेले ते भायखळ्याच्या भाजीबाजारात हमालीला लागले आणि तिथून पुढे एका छापखान्यात. माझ्या बाबांना त्या वर्षी त्या चौघड्यानं उठवलं. बाबांनी हे कधी कबूल केलं नाही, म्हणून मी सांगून टाकते.

स्वतः काका पुढे एका बँकेच्या दारात वॉचमन झाले. काचेच्या पलीकडे साहेब लोक केबिनमध्ये बसून गुपचूप बोलत आणि काका बाहेरून त्यांच्या ओठांवरचं वाचत. कुणाची बदली कुठं होणार, हे त्या माणसाच्या आधी काकांना कळलेलं असे. "शिंद्यांनू, नागपूराक थंडीचे कपडे घेऊन जावा," असं त्यांनी एका कारकुनाला ऑर्डर निघण्याच्या आठवडाभर आधी सांगितलं होतं. तो बिचारा काकांना देवऋषी समजून दर अमावास्येला नारळ आणून द्यायचा. काका नारळ घ्यायचे. काकी त्याची सोलकढी करायच्या.

चाळ पाडून तिथं टॉवर झाला आणि आम्ही जुने भाडेकरू वरच्या मजल्यांवर गेलो. नशिबानं माझं आणि काकांचं दार पुन्हा एकाच मजल्यावर आलं. काका तोवर चांगले म्हातारे झाले होते. घर आता सुहास आणि त्याच्या बायकोच्या हातात होतं. भिंतीला भला मोठा, पापडासारखा पातळ टीव्ही लागला. आणि स्टिरिओ, आपले दोन लाकडी स्पीकर पोटाशी घेऊन, हॉलच्या कोपऱ्यात बसला. समोर ते रिकामं स्टूल होतंच. डेकमध्ये कधीतरी कॅसेट लागे, एरवी त्यावर वर्तमानपत्रांचा ढीग.

सुहास मनानं चांगला. पण त्याला घर नीटनेटकं हवं होतं आणि त्यानं मोठा सोफा मागवला होता, तो रविवारी यायचा होता.

"बाबा, नुसतं मांडून ठेवायला जागा नाही हो. वापरात असतं तर गोष्ट वेगळी. आता सगळे बघतात तो टीव्ही. रविवारी भंगारवाल्याला बोलावतो."

"टीव्हीचो आवाज ह्येतून काढलो तर?"

सुहास हसला. "काढा. रविवारपर्यंत निघाला तर राहू दे. शब्द माझा."

तो मला नंतर लिफ्टमध्ये म्हणाला, की निघणार नाही हे माहीत आहे म्हणूनच हो म्हटलं. एवढा जुना डबा आणि एवढा नवा टीव्ही, कसं जमायचं?

काका थेट माझ्या दारात. "गो, तू हापिसात कंप्युटर चालवतंस. चल."

मी ऑफिसात कंप्युटर चालवते म्हणजे पॉलिसीधारकांचे पत्ते बदलते. पण काकांना नाही म्हणायची आमच्या घराला सोय नाही. आम्ही दोघं टीव्हीच्या मागे डोकं घालून उभे राहिलो. स्टिरिओच्या पाठीला लाल आणि पांढरी गोल भोकं. टीव्हीच्या पाठीला तसलं काही नाही. नुसत्या चपट्या खाचा आणि एक इवलंसं चौकोनी झाकण. ते उघडलं तर आतून लाल उजेड आला.

काका किती तरी वेळ त्या उजेडाकडे बघत राहिले. मग त्यांनी डावा कान तिथं लावला.

"ह्येतून उजेड येता. आवाज खय आसा?"

"काका, उजेडातूनच आवाज जातो. तशी वायर मिळते."

"फसवतंस माका?"

शनिवारी आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराला मी सगळं सांगितलं. त्यानं काचेच्या दोऱ्यासारखी एक वायर आणि काड्यापेटीएवढी डबी काढली. उजेड या बाजूनं आत जाणार, त्या बाजूनं लाल-पांढऱ्या वायरीतून साधा आवाज बाहेर.

"चाचा, इतना पुराना स्टिरिओ काहे को? नया साउंडबार ले लो ना, एकदम पतला, दिखेगा भी नहीं."

"दिखना मंगता है," काका ठामपणे म्हणाले. "पीठ टेकने को मंगता है."

दुकानदाराला काही कळलं नाही. मलाही नाही. टॅक्सीत बसल्यावर मी विचारलं, "काका, एवढा हट्ट कशाला? खरं सांगा. चाळीची आठवण म्हणून?"

 काकांनी माझ्याकडे तोंड केलं आणि सवयीनं नुसतेच ओठ हलवले. मला फक्त दोन शब्द येतात हे आठवून ते मग आवाजात बोलले.

"काकीक आयकाक येना नाय."

"काय?"

"दोनय कान. लय दिवस झाले. कुणाक बोलू नको. झिलाक म्हायत नाय."

मी थक्क झाले. एकाच घरात राहून सुहासला कळलं नाही? आणि मग कळलं, की कळणार तरी कसं? काकी समोरच्याच्या तोंडाकडे बघून सगळं समजून घेतात. नवऱ्याशी तर जन्मभर आवाजाविनाच बोलत आल्या. आई-बाबा ओठांनी बोलतायत, तर बोलू देत, गिरणीची सवय, असंच सुहास समजत राहिला. त्याची बायको मला कौतुकानं सांगायची, "आमच्या सासूबाई माझं बोलणं किती लक्ष देऊन ऐकतात! टक लावून. माझी सख्खी आईसुद्धा एवढं ऐकत नाही."

"मग कानाचं यंत्र का नाही घेत?"

"घेना नाय. म्हणता, कानात घालीन तर कुडी घालीन, यंत्र नाय. सून म्हातारी म्हणात. आता दुपारी सून ती मालिका लावता. मद्राशी. तिका डबिंग म्हणतत ना? त्या बायेचे ओठ एक बोलतत, आवाज दुसरोच. हिका ओठ कळणत नाय, आवाज येना नाय. नुसती बसता आणि सून हसली की हसता. माझ्यान बघवना नाय गो."

"आणि स्पीकर?"

"पाठीक लाकूड टेकला की तिका आयकाक येता. कानान नाय, पाठीन. चाळीत बघूक नाय तू?"

बघितलं होतं. मी जन्मभर बघितलं होतं. टॅक्सी भायखळ्याच्या पुलावर अडकली होती आणि मला रडू येत होतं, म्हणून मी काकांकडून ती डबी मागून घेतली आणि उगाचच उलटसुलट करून बघत बसले.

रविवारी सकाळी सगळं जोडलं. उजेडाची वायर टीव्हीत, तिथून डबीत, डबीतून लाल-पांढऱ्या वायरी अॅम्प्लिफायरच्या पाठीत. काकींना त्यांच्या जागी, डाव्या स्पीकरला पाठ टेकून बसवलं. त्या तांदळाची परात घेऊन बसल्या. काही विशेष चाललंय असं त्यांना वाटू द्यायचं नव्हतं. सुहास दारात हाताची घडी घालून उभा. भंगारवाला खाली येऊन थांबलेला.

टीव्ही लावला. दुपारच्या त्या मालिकेचे जुने भाग चालू होते, पण चिडीचूप.

मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरले. कुठल्या कुठल्या पानांवर भटकले, एकदा सगळा टीव्ही कोरियन भाषेत गेला, तो सुहासच्या बायकोनं परत आणला. शेवटी सापडलं. टीव्ही जो आवाज पाठवत होता तो आमच्या डबीला झेपत नव्हता. तिथं साधा आवाज पाठव, असं एक बटण होतं. ते दाबलं आणि उजव्या स्पीकरमधून बाई बोलली. स्पष्ट, खणखणीत!

काकांनी उडी मारायची तेवढी बाकी ठेवली. पण लगेच त्यांचं तोंड उतरलं. डावा स्पीकर गप्प होता. काकींचा.

"बॅलन्स बघा," मी म्हटलं.

"मध्यार आसा."

"वायर तुटली असेल."

"तुटली होती. शिफ्टिंगमधे. पण मी जोडलंय ती. माझ्या हातान. ती वायर परत तुटाची नाय."

"स्पीकरच गेला असेल हो," सुहास म्हणाला. तो वाईट बोलत नव्हता, खरंच समजुतीनं म्हणाला. "बाबा, जाऊ दे ना."

मी खाली वाकून वायर हातानं चाचपत गेले. चटईखाली बोटांना काहीतरी लागलं. तांदळाच्या दाण्याएवढी, गुळगुळीत गाठ. डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही इतकी सुबक. साच्यावर सूत तुटलं की विणकर मारतो तशी. काकांनी वायरीची दोन टोकं, वरच्या रबरासकट, सुतासारखी गाठ मारून जोडली होती.

"काका! ही गाठ मारलीत?"

"मगे? जन्मभर तीच मारलंय. ओढून बघ. सुटाची नाय."

"सुटणार नाही हो. पण आतली तांब्याची तार तारेला लागायला नको का? रबर रबराला बांधून आवाज कसा जाईल?"

काकांनी गाठ बोटांत धरून पाहिली. एवढ्या चांगल्या गाठीतून काही जात नाही, हे त्यांना पटत नव्हतं. "कपडो झालो असतो," असं ते स्वतःशीच पुटपुटले.

मी कात्रीनं गाठ कापली, रबर सोललं, तारा एकमेकींत पिळल्या.

स्पीकर काकींच्या पाठीमागे धडाडून बोलायला लागला. काकींच्या हातातले तांदूळ हलायचे थांबले. त्यांनी डोकं मागे, लाकडाला टेकवलं. डोळे मिटले. टीव्हीवर मालिकेतली सासू काहीतरी बोलत होती. काकी ऐकत राहिल्या. आणि मग, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांचा आवाज एवढ्या मोठ्यांदा ऐकला, जवळजवळ ओरडून.

"अगे बाये! ही मेली वायट आसा! मी हिका देवमाणूस समजत होतंय!"

सुहासची बायको खो खो हसायला लागली. आणि हसता हसता थांबली. सुहास पुढे आला. काकींचे डोळे अजून मिटलेले होते.

"आई," त्यानं हाक मारली.

काकी हलल्या नाहीत.

"आई." आता जरा मोठ्यानं.

काहीच नाही. सुहासनं बापाकडे बघितलं. काकांनी मान खाली घातली. तेवढ्यात सोफेवाले दारात आले. अवजड सोफा दारातून तिरका करत त्यांनी विचारलं, "साहब, किधर रखने का? इधर कोने में ना?"

"नहीं," सुहास म्हणाला. "उधर, उस दीवार को. इधर मेरी आई बैठती है."

भंगारवाल्याला खालच्या खाली जुनी वर्तमानपत्रं देऊन पाठवलं.

त्या दिवशी काका फार खुशीत होते. सोफेवाले गेल्यावर त्यांनी डेकमध्ये जुनी कॅसेट घातली. तोच चौघडा. पण आता दोन्ही स्पीकर एकाच खोलीत होते आणि बॅलन्स मधोमध. चौघडा सुरू झाला आणि त्याच्यावर हलकेच, गोड, सनई आली.

"काका, ह्यात सनई आहे?"

"मगे? नुसत्या चौघड्यार लगीन लागता काय?"

संपाच्या त्या सगळ्या पहाटे आमच्या वाट्याला चौघडा आला होता आणि सनई दाराआडच्या मुक्या स्पीकरमध्ये राहिली होती. चहा येईपर्यंत मी त्या रिकाम्या स्टुलासमोर जमिनीवर बसून ती ऐकली.

काकांनी मग आपली मागणी पुढे केली. एक स्पीकर बाहेर, लॉबीत. सोसायटी परवानगी देणार नाही, असं सुहासनं हात जोडून सांगितलं. तेव्हा तडजोड अशी झाली, की उजवा स्पीकर घरातच, चपलांच्या कपाटाशेजारी राहील, पण तोंड दाराकडे करून.

मागच्या वर्षी काका गेले. दुपारी, जेवून, पान लावता लावता. मला त्यांची रोज आठवण येते आणि मी ती लपवत नाही.

काकी आता पहाटे उठतात. पहिल्या पाळीच्या वेळेला कॅसेट लावतात आणि डाव्या स्पीकरला पाठ टेकून बसतात. पाठीला पुरेसं कळेपर्यंत बटण फिरवतात. त्यांच्या पाठीला पुरेसं म्हणजे आमच्या अख्ख्या मजल्याला भरपूर. सुहास मधे पडत नाही.

परवा सोसायटीचा नवा सेक्रेटरी वर आला. तरुण मुलगा, नाईट ड्रेसमध्ये, डोळे चोळत. मी दूध घ्यायला दार उघडलं होतं.

"आजी, ही काय वेळ आहे चौघड्याची? लोक झोपलेले असतात!"

काकी दारात उभ्या राहून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. तो बोलून थांबला. मग काकींनी उत्तर दिलं. आवाज न काढता, नुसते ओठ, ठसठशीत. तो गोंधळून माझ्याकडे वळला.

"काय म्हणाल्या?"

मला जन्मात दोनच शब्द जमले होते, आणि ते दोन्ही त्यात होते.

"म्हणाल्या, भोंगो वाजलो मेल्या. दाढी कर जा."

त्यानं एकदा गालावरून हात फिरवला, घड्याळ बघितलं, आणि जिन्यानं खाली गेला.